टाकीच्या झाकणाखालचं रबर

तुमच्या गाडीत पेट्रोल भरणाऱ्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे का? पंपाच्या मालकाचं विचारत नाही, कंपनीचंही नाही. नळी हातात धरून जो उभा असतो, त्याचं. मला माहीत होतं. त्याच्या खिशावरच्या बिल्ल्यावर ते लिहिलेलं होतं, आणि मी ते पत्रकात छापलं.

मामा, प्रश्न वाचणाऱ्यांना विचारलाय, पण आता बोलणार आहे ते तुझ्याशी. तुला जाऊन अठरा दिवस झाले. जलदान विधीला लोक एकेक करून उठले आणि तुझ्याबद्दल बोलले. मी मागे बसून ऐकत होते आणि सवयीप्रमाणे मला कुणाचंच खरं वाटत नव्हतं. एक जण म्हणाला, "शांत स्वभावाचा माणूस." कोण, तू? नारायणगावच्या तुझ्या दुकानात रिवाइंडिंगला मोटर घेऊन एखादा बागायतदार यायचा आणि म्हणायचा, मोटर आपोआप जळली. तू मान वर न करता म्हणायचास, "आपोआप काय बी जळत न्हाई, पावणं. आदी तुमी काय केलं ते सांगा." तो चिडायचा. तू मोटर उघडायचास... नाही, मोटर उघडायचा मानही तू त्यालाच द्यायचास. "खोला तुमच्या हातानं. मग मी काय लपवलं असं नको." कधी आत बेडूक सापडायचा, कधी दोन फेज एकत्र बांधलेली वायर. त्याचा चेहरा उतरायचा आणि तू चहा सांगायचास.

म्हणजे संशयी तूही होतास. पण तुझा संशय समोर बसलेल्यापासून सुरू व्हायचा. माझा संशय कुठून सुरू व्हायचा तेही तुला माहीत होतं.

आमच्या बाबांनी जन्मभर पत्रकं काढली. कुठल्या विहिरीवर काय झालं, कुठल्या दुकानात माप कमी दिलं, कुणाच्या नावचा सातबारा कुणी फिरवला. मी घड्या घालता घालता वाचायला शिकले. पहिली अक्षरं पाटीवर नाही, पिवळ्या कागदावर पाहिली. ज्यांना पिढ्यान् पिढ्या मापात मारलं, त्यांनी माप दोनदा तपासलं तर त्यात गैर काय? हे मी आजही म्हणते. संशय हा आमच्या घरात दुर्गुण नव्हता, तो आमचा पहारा होता. तू मात्र बाबांना चिडवायचास, "दाजी, नट जास्त आवळला तर सैल करता येतो. छापल्यालं कसं सैल करणार?" बाबा हसायचे. मी हसायचे नाही.

तुझी पांढरी गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. कार्बोरेटरवाली. तालुक्यात आता ती खोलणारे मिस्त्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून तू ती घरीच दुरुस्त करायचास. खोडदच्या घरासमोर रविवारी सकाळी पांढरा टॉवेल अंथरायचास. बॅटरीची वायर आधी काढायची, वाळूची बादली जवळ ठेवायची, मोबाइल घरात. बिडीवाल्याला कुंपणाबाहेर उभं करायचं, मग तो सरपंच का असेना. काढलेला प्रत्येक भाग टॉवेलवर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने. गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांकडून वारा सुटला की धूळ यायची, आणि तू मामीचं पातेलं उपडं घालून जेट झाकायचास. मामी आतून ओरडायची, "माझं दुधाचं पातेलं हाय ते!" पेट्रोल जिथून थेंबाथेंबाने जातं ती जेटची सुईच्या नेढ्याएवढी पितळी भोकं दाखवून तू मला सांगितलंस, "सुजे, ह्यात तार घालायची न्हाई. टोचलं की भोक मोठं व्हतं, मग गाडी जन्मभर जास्त पिते. सायकलच्या पंपानं हवा मारायची. कचरा आला तसा जातो."

हे मला आवडायचं. तारेने टोचायचं नाही, हवा मारायची. फक्त मला ते गाडीपुरतंच वाटायचं.

गेल्या वर्षी गावात जयंतीची मिरवणूक कुठून न्यायची यावरून बोलाचाली झाली. पुढे काही झालं नाही, पण माझ्या डोक्यात किडा शिरला. गाडी रात्रंदिवस उघड्यावर उभी असते, टाकीचं झाकण कुणीही फिरवू शकतं. कुणी पाणी ओतलं तर? साखर टाकली तर? मी नारायणगावहून कुलपाचं झाकण आणलं. ते तुला दाखवलं. तू म्हणालास, "बसव, काय बिघडत न्हाई." मी बसवलं. पण माझं समाधान झालं नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला एक बारीक भोक दिसत होतं. मला वाटलं, इथूनही पिचकारीने काहीतरी घालता येईल. म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून गोल चकती कापली आणि झाकणाखाली घट्ट बसवली. हे तुला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. पहाऱ्याची बातमी कुणी देतं का?

पंधरा दिवसांनी गाडी बंद पडायला लागली.

तुला आठवतं? जुन्नर सोडून मढच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासात आधी हिसके, मग मिसिंग, मग गप्प. तू बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओला फडका ठेवायचास, गरम झाला असेल म्हणून. तोवर मी मागे जाऊन किल्लीने टाकीचं झाकण उघडायचे, पेट्रोल कुणी काढलं तर नाही ना ते बघायला. फस्स असा आवाज यायचा. मला वाटायचं, उन्हाची वाफ. मग झाकण लावायचं, स्टार्टर मारायचा आणि गाडी चालू. आपण ओल्या फडक्याचे आभार मानायचो. मामा, दर वेळी औषध माझ्या हातात होतं आणि श्रेय फडक्याला जात होतं.

मग आपण सगळं खोललं. फिल्टर बदलला. फ्लोट हलवून पाहिला. नळ्या काढून हवा मारली. पंपाचा पडदा नवा घातला. कार्बोरेटर दोनदा टॉवेलवर आला. काही नाही. दुसऱ्या वेळी मी टाकीतलं थोडं पेट्रोल एका प्लॅस्टिकच्या बाटलीत काढलं आणि उन्हात धरलं. तळाशी पाण्याचे टपोरे थेंब, वेगळे, लोळणारे. मला हवं होतं ते मिळालं.

तू बाटली हातात घेतलीस, तिरपी केलीस आणि मला विचारलंस, "बाटली धुतली व्हतीस का?"

मी भडकले. म्हणाले, "मामा, चोर समोर असताना तू साक्षीदाराची झडती घेतोयस."

"घेतोय. धुतली व्हतीस का, एवढंच सांग."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या पेट्रोल पंपावर गेले, जिथे आपण दर वेळी टाकी भरायचो.

तूही आलास माझ्यामागे, दुकान बंद करून. नळीवर तोच होता, बिल्ल्यावर नाव असलेला. किसन. मढकडचा, सडपातळ, माझ्याच वयाचा. मी बाटली त्याच्या तोंडासमोर धरली. तो म्हणाला, "ताई, तपासून बगा की." त्याने लांब पट्टी आणली, टोकाला पेस्ट लावली. पाणी लागलं तर हिचा रंग बदलतो, म्हणाला. जमिनीतल्या टाकीत पट्टी सोडून वर काढली. रंग बदलला नव्हता. त्याने पट्टी तुझ्या हातात दिली. तू बघितलीस आणि मान हलवलीस.

मी म्हणाले, "पेस्ट पण तुमचीच ना?"

किसन हसला. कंटाळलेलं हसू होतं ते, दिवसभर उभ्या असलेल्या माणसाचं. मी त्याला माज समजले. त्याच बिल्ल्याचा फोटो काढला. चार दिवसांत पत्रक आलं, पिवळं, एका बाजूने छापलेलं. वर बाटलीचा फोटो, खाली बिल्ल्याचा, आणि मथळा: 'आमच्या टाकीत पाणी कोण घालतंय?' नारायणगावच्या स्टँडवर लावलं, जुन्नरला चहाच्या टपऱ्यांवर, घोडेगावला, मंचरला. फोनवरून कुठे कुठे गेलं त्याला हिशेब नाही. मालकाचं नाव मी घातलं नव्हतं, मला ते नक्की माहीत नव्हतं. बिल्ल्यावर होतं ते घातलं. मी, जी कामगारांच्या बाजूने लिहिते म्हणवते.

आठव्या दिवशी मालकाने किसनला काढलं. आम्ही कारवाई केली, असा फलक लावला. पेट्रोल मालकाचं, पाणी मात्र कामगाराचं. हे वाक्य खरं तर मी लिहायला हवं होतं. ते तू बोललास, आणि मी म्हणाले की ही लढाईची सुरुवात आहे.

त्यानंतर आपलं ते भांडण झालं. तुझ्या ओट्यावर, भर दुपारी. तू म्हणालास, "दुसरं पत्रक काढ. नक्की कळल्याबिगर नाव छापलं, एवढंच लिही."

"मागे घेतलं तर पुढच्या वेळी आपल्यावर कोण विश्वास ठेवील?"

"आणि त्याच्यावर?"

"मामा, तू मालकाची भाषा बोलतोयस."

तू म्हणालास, "मी मोटरवाल्याची भाषा बोलतोय, पोरी. खोल आदी. मग बोल."

मी निघून आले. तीन महिने तुझ्याकडे फिरकले नाही. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. एका बुधवारी सकाळी दुकानाचं शटर वर करताना तू छातीला हात लावून खाली बसलास, आणि तिसरा फोन मामीचा आला.

विधी झाल्यावर मामीने तुझ्या पान्यांची पत्र्याची पेटी माझ्यापुढे ठेवली. "ही मढला नेऊन दे. किसनला. त्यांनी सांगून ठेवलंय."

"किसनला का?"

"मला इचारू नगंस. गाडी घेऊन जा."

मामा, खरं सांगते, मला आधी तुझा रागच आला. माझ्या वाट्याला तुझे पाने नाहीत? तुझ्या हाताखाली मी शिकले आणि पेटी त्याला? मला वाटलं, मेल्यावरही तू मला हरवायला बघतोयस. पेटी मागच्या सीटवर टाकली आणि निघाले.

जुन्नर सोडलं. मी हिसक्यांची वाट बघत होते. अर्धा तास झाला. पाऊण. गाडी पाण्यासारखी चालली होती. बंद पडणारी गाडी बंद पडत नाही, याचीही भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं. कुणी हात लावला हिला? मी बाजूला घेऊन थांबले, किल्लीने टाकीचं झाकण उघडलं. फस्स झालं नाही. चकती काढून उजेडात धरली. बरोबर मधोमध एक भोक. कडा वितळून गुळगुळीत झालेल्या.

माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? घातपात. अखेर कुणीतरी कुलूप उघडलंच. मी रस्त्याकडेला उभी राहून नावं आठवत होते, किल्ली कुणाकुणाच्या हाती लागू शकते त्यांची. त्या यादीत तू नव्हतास. तू नसणारच, तुला चकती माहीतच नव्हती.

मढला किसनचं घर रस्त्यापासून थोडं वर आहे. तो नारायणगावला टोमॅटोच्या क्रेट उचलायला जातो, त्या दिवशी घरी होता. मला बघून तो दारातच थांबला. मग पेटी बघितली आणि म्हणाला, "मामांची ना ही? या आत."

त्यानेच सांगितलं. तू तीनदा आला होतास त्याच्याकडे. याच गाडीने.

"एकदा बी बंद पडली न्हाई," तो म्हणाला. "मामा म्हणले, टाकीला श्वासच घेता येत नव्हता. पंप पेट्रोल ओढणार, पण वरनं हवा आत आली न्हाई तर पेट्रोल येईल कसं? झाकणाच्या भोकावर रबर बसलं व्हतं. म्हणले, माझ्याच हातनं बसलं बाबा, म्हातारपणी चूक झाली. हात जोडले राव त्यांनी. मला लई कसंतरी झालं."

माझ्याच हातनं. तू असं म्हणालास.

मी तिथे बसले होते, हातात त्याच्या घरचा चहा, आणि चकती माझ्या पर्समध्ये होती. पत्रकात चारशे शब्द लिहिणारी मी नुसती चहा फुंकत बसले.

किसन पेटी उघडून पाने बघत होता. "ह्यावर गाड्यांचं काम चालू करीन म्हणतो रस्त्याला. पंपावर तर कोण घेत न्हाई. तीन ठिकाणी गेलो, फोनवर फोटो दाखवत्यात. म्हणत्यात, पाणीवाला तूच ना?" मग आवाज खाली केला, कारण त्याची आई चुलीपाशी होती. "त्याचं बी काय न्हाई ताई. पण आई इचारते, तू खरंच घातलंस का रं पाणी? रोज न्हाई इचारत. सणासुदीला इचारते."

परत आल्यावर मी मामीला गाठलं. तिने सरळ सांगितलं. आपलं भांडण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू झाकण खोलून बसलास. मग तिच्या गॅसवर दाभण तापवायचास आणि बाहेर ओसरीवर पळत जाऊन रबराला लावायचास, पेट्रोलचा वास घरात नको म्हणून. "चार हेलपाटे घातले. दोन दिस वास गेला न्हाई," मामी म्हणाली. "मी म्हणलं, नवी चकती आणा की. तर म्हणे, तिनं केल्यालं हाय, तिचंच ऱ्हाऊ दे. श्वासापुरतं भोक पाडतो."

म्हणजे तुला कळलं होतं. कापणी कुणाची ते तू कडेवरून ओळखलं असणार, मी डावखुरी आहे. मग मला का सांगितलं नाहीस? तेव्हापासून मी हेच कुरतडतेय. ते दोन फोन त्यासाठी होते का? की तू मुद्दाम गप्प राहिलास, पुरावा हातात आल्यावर माघार घेणं काय मोठं, म्हणून? तू मला वाचवत होतास की जोखत होतास? माझा तुझ्यावरही संशय आहे, मामा. एवढं मात्र सांगते: माझा गुन्हा तू अंगावर घेतलास ते मला मान्य नाही. बागायतदाराला त्याची मोटर त्याच्या हाताने उघडायला लावणारा तू. माझ्या वेळी तुझा हात का आडवा आला?

त्या मालकाला मी निर्दोष ठरवत नाही. आपल्या पंपाचं पेट्रोल शुद्ध आहे म्हणायची हिंमत नसलेला आणि माणूस तेवढा हाकलणारा मालक माझ्या नजरेत राहील. पहारा मी सोडणार नाही. पण तू बाटली तिरपी करून विचारलेला प्रश्न तसाच पडलाय. त्याचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाटली मी नळाखाली धुतली होती, मामा. वाळवली नव्हती.

हे दुसरं पत्रक आहे. कागद तोच पिवळा घेतलाय. खाली माझं पूर्ण नाव छापलंय, किसनचं आडनाव नाही.

वाचणाऱ्यांनो, आता तुमच्याकडे मागणं आहे. जिथे माझं जुनं पत्रक लावलेलं दिसेल तिथे ते फाडू नका. हे त्याच्या शेजारी लावा, दोन्ही एकदम वाचता येतील असं. फोनवर तो बाटलीचा फोटो ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी ज्याला ज्याला पाठवला त्याला त्याला हेही पाठवा. आणि तुमच्यापैकी कुणी माळशेजकडे जाणार असेल, तर मढला थांबा. रस्त्याला गाड्या दुरुस्त करणारा किसन कुणीही दाखवील. त्याच्याकडे काम असेल तर द्या, नसेल तर वर त्याच्या घरी जा. त्याच्या आईला वाचता येत नाही. हे तिला वाचून दाखवा. मी जाणार आहेच, पण माझ्या शब्दावर तिने विश्वास का ठेवावा? तुमचं तिच्याशी काही देणंघेणं नाही, म्हणून तुम्ही वाचा. सावकाश वाचा, आणि बाटलीची ओळ आली की थांबून पुन्हा एकदा वाचा.